भरलेल्या गाडीचे टायर

“गाडी भरून चालते की रिकामी?” टायरवालीने विचारलं.

प्रश्न साधाच होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती तो विचारायची, आणि उत्तर ऐकून डावीकडच्या चळतीकडे जायचं की उजवीकडच्या, हे ठरवायची.  पण मामांनी खिशातून रुमाल काढला, नसलेला घाम पुसला आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या व्हॅनकडे पाहिलं. उत्तर तिनेच द्यायचं असल्यासारखं.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. शिवणकारखान्यातल्या बायकांना त्यांनी उभं आयुष्य घरून कामावर आणि कामावरून घरी पोचवलं. त्या बायका त्यांना मामा म्हणायच्या. मग वाण्यापासून पोलिसापर्यंत सगळेच म्हणू लागले. बायको फाटकात उभी असायची, तिची ओघानेच मामी झाली. दोघांनाही भाचरं एवढी, की कुणाची आठवण ठेवायची हाच प्रश्न.

ही झाली जुनी गोष्ट. पुढे कारखान्याने स्वतःच्या बसगाड्या घेतल्या. आधी नव्या मुली बसने जाऊ लागल्या. जुन्या बायका काही दिवस भिडेखातर मामांच्या गाडीत बसल्या, मग एकेक करून त्याही गेल्या. जाताना प्रत्येकीने “मामा, रागावू नका हं” म्हटलं, आणि मामांनी प्रत्येकीला “छे गं” म्हटलं. शेवटी पुढच्या सीटवरची सुपरवायझरबाई तेवढी उरली. ती कामावरून निवृत्त झाली आणि गाडी फाटकात उभी राहिली ती राहिलीच. मामा रोज सकाळी उठून ती पुसायचे. धूळ बसायच्या आधीच पुसायचे, त्यामुळे फडकंही स्वच्छ राहायचं.

हे सगळं टायरवालीला सांगायला काही हरकत नव्हती. तिच्या वडिलांच्या वेळेपासूनची ओळख. पण दुकानाच्या बाकावर एक टेम्पोवाला आणि एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर असे दोघे चहा पीत बसले होते, आणि टेम्पोवाल्याने नेमकी तेव्हाच हाक मारली होती.

“काय मामा, चालू आहे का अजून तुमची लाइन?”

“चालू म्हणजे काय,” मामा म्हणाले, “फुल आहे.”

एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. टायरवाली समोर उभी होती, तिनेही तो ऐकला होता. आता तिला वेगळं काही सांगणं म्हणजे बाकावरच्या दोघांना महिनाभर पुरेल असं खाद्य देणं.

“भरून चालते,” मामा म्हणाले.

“रोज?”

“रोज.”

तिने दोन टायर उभे करून त्यांच्यासमोर लोळवत आणले. एकावर अंगठा दाबला. “हा मऊ आहे. दोन-चार माणसं असतील तर यावर गादीवर बसल्यासारखं वाटतं. पण भरलेल्या गाडीखाली हा दबतो, तापतो. आणि तापला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.”

ते खरंच सांगायला नको होतं. एका वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून मामांनी साध्या मोटारीचे टायर व्हॅनला चढवले होते. ऐन उन्हात, गाडी गच्च भरलेली असताना, मागचा डावा टायर फुटला. गाडी गर्रकन फिरून शेतात शिरली. सुपरवायझरबाईचं मनगट मोडलं, बाकीच्या नुसत्या घाबरल्या. कुणी मामांना बोल लावला नाही, पण मामा कितीतरी दिवस जेवताना मध्येच थांबायचे. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. गाडीत काहीही कमी-जास्त चालेल, टायर मात्र वजन झेलणाराच.

“आणि हा कडक,” टायरवालीने दुसऱ्यावर थाप मारली. “याच्या अंगात थर जास्त, पोटात हवा जास्त. बारा बायका, त्यांचे डबे, पिशव्या, सगळं घाला, हू की चू करायचा नाही. पण रिकाम्या गाडीला लावलात तर उड्या मारेल. याला वजन लागतं, मामा. वजन पडलं की हा शांत होतो.”

“मग हाच द्या.”

“चाकाची डिस्कपण बदलू या. ही एकदा ठोकून सरळ केलेली दिसते. बघा, नटाच्या भोकापाशी चीर गेलीय.” मामांची नजर भिंतीवर टांगलेल्या चकचकीत चाकांवर गेलेली पाहून ती म्हणाली, “ती नको. ती दिसायला आहेत. तुम्हाला ही काळी, लोखंडी. दिसायला यथातथाच, पण पाठीवर घेतलं की सोडत नाहीत.”

मामांनी मान डोलावली. गाडी जॅकवर चढली, जुनी चाकं उतरली, नवी बसली. टायरवालीने स्वतः हवा भरली, भरलेल्या गाडीला लागते तेवढी. टेम्पोवाला उठून पाहून गेला आणि “झकास” म्हणाला. मामांना बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

कारण ज्या कामासाठी टायर घ्यायला ते आले होते, ते काम त्यांनी दुकानात कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

मामीचे मणके ठिसूळ झाले होते. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवले, पण मामांना त्यातलं काही कळलं नाही. कळलं ते एवढंच की आणखी काही महिन्यांनी तिला बसणंही जमणार नाही. “कुठे जायचं-यायचं असेल तर आत्ता जाऊन या,” डॉक्टर म्हणाले, “पण धक्का लागता कामा नये.”

बाहेर पडताच मामांनी विचारलं, “कुठे जाऊ या?”

मामीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मामांनी मान खाली घातली. कुठे, हे काय विचारायचं होतं? मामीच्या धाकट्या बहिणीने घाटापलीकडे घर बांधून किती काळ लोटला होता. मामीने ते घर पाहिलं नव्हतं. दरवर्षी कधी ना कधी ती म्हणायची, “अहो, एकदा पुढच्या सीटवर बसवून मला धाकटीकडे न्या.” आणि दरवर्षी मामा म्हणायचे, “जागा नाही गं.”

खोटं नव्हतं ते. रोज बायका, सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी सहल, नाहीतर कुणाचं लग्न. गाडी कधी रिकामी नसायचीच. हे घर व्हायच्या आधी धाकटीचा नवरा वारला, तेव्हाही गाडीला आधीच ठरलेलं भाडं होतं. मामी एसटीने गेली, घाटभर उभी राहून. आणि मामा त्या दिवशी दुसऱ्यांच्या बायकांना दारापासून दारापर्यंत गादीच्या सीटवर बसवून नेत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामांना हे तेव्हा खटकलं नव्हतं, असं नाही. पण “पुढच्या वेळी नेऊ” हे वाक्य त्यांना फार लवकर सुचायचं.

आता गाडीत जागाच जागा होती. जुने टायर गुळगुळीत झाले होते, घाटात त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून मामा टायरवालीकडे गेले होते.

नव्या टायरांची गाडी फाटकाशी लावून त्यांनी दोनदा हॉर्न दिला. मामीने वेणी घातली, ठेवणीतली साडी नेसली. मामांनी धरून धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं.

“अखेर मिळाली बाई पुढची सीट,” ती म्हणाली. “आता सुपरवायझरबाई येऊन उठवणार नाही ना?”

“गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ,” मामा म्हणाले. “कसं वाटतं ते बघ, मग उद्या निघू.”

सुरुवातीचा रस्ता नवा होता, काही वाटलं नाही. मामी इकडेतिकडे बघत होती. वाण्याच्या दुकानापाशी तिने उगीचच हात केला. गल्लीच्या टोकाला गतिरोधक होता. मामांनी गाडी अगदी हळू घातली, जवळजवळ ढकलल्यासारखी. तरी ती उडाली. पुढची चाकं आपटली, मग मागची आपटली. रिकाम्या सीट खडखडल्या.

मामी ओरडली नाही. तिने समोरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

“थांबवा जरा,” ती म्हणाली.

शेजारच्या गवंड्याच्या मदतीने तिला खुर्चीवर बसवून, खुर्चीसकट घरात आणावं लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुशीवरसुद्धा वळली नाही. मामा गरम पाण्याची पिशवी बदलत राहिले. 

“टायर चांगले आहेत हो,” तीच म्हणाली. “माझीच हाडं जुनी.”

“टायर चुकीचे आहेत,” मामा म्हणाले. “ते भरलेल्या गाडीचे आहेत.”

“मग तुम्ही घेतलेत कशाला?”

“तिने विचारलं, गाडी भरून चालते का. मी म्हटलं, फुल आहे.”

मामी हसू लागली. हसताना पाठ दुखत होती म्हणून एकीकडे कण्हत होती, पण हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं.

“फुल,” ती म्हणाली. “अहो, कारखान्याच्या बायका होत्या तेव्हा माझ्यासाठी फुल. आणि आता काळं कुत्रं बसत नाही, तर आताही फुलच.”

मामा उठून बाहेर गेले. गाडी पुसलेलीच होती, तरी त्यांनी फडकं घेतलं. माणसाला आयुष्यभराच्या चुकीचं काही वाटत नाही आणि एखादा फुकाचा शब्द मात्र काळजात रुतून बसतो. पण मामांचं त्या दिवशी दोन्ही एकदम झालं. पुसता पुसता त्यांनी नव्या टायरला एक लाथ मारली. टायरला काही झालं नाही, पायाचा अंगठा मात्र सुजला.

*

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी दुकानात कोण बसलंय ते पाहिलंच नाही. खरं तर टेम्पोवाला तिथेच होता.

“लाइन बंद आहे माझी,” मामा सरळ म्हणाले. “गाडीत कुणी नसतं. बायकोला न्यायचंय घाटापलीकडे, तिच्या मणक्याचं दुखणं आहे. ते मी सांगितलं नव्हतं.”

टायरवालीने हातातला पाना खाली ठेवला. टेम्पोवाल्याने चहाच्या ग्लासात नजर घातली. मामांना वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. उलट टेम्पोवाल्याने सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

“हे आधी सांगायचं ना, मामा,” टायरवाली म्हणाली.

“वरातीमागून घोडं. आता काय करता येईल ते सांगा. मऊ टायर घालू का?”

ती गाडीखाली वाकली. हात घालून काहीतरी चाचपलं आणि मान हलवली. “मी बदलून देईन, त्याचं काही नाही. पण नुसत्या टायरने निम्मंच दुखणं जाईल. तुमचे खालचे स्प्रिंगचे पाटेसुद्धा भरलेल्या गाडीचेच आहेत. सगळी गाडीच वजनाला सवकलेली आहे. वजन असलं की ती नीट चालते, नसलं की कुठे आदळू नि कुठे नको असं तिला होतं.”

 गाडीची गोष्ट आहे की आपली, असं मामांच्या मनात येऊन गेलं असावं.

“मग वजनच टाका,” बाकावरून टेम्पोवाला म्हणाला. “माल नसला की आम्ही टाकतो. वाळूची पोती.”

“टाकता येतील,” टायरवाली विचार करून म्हणाली. “पण मागे ढीग नको. माणसं बसायची तिथे तिथे, सीटवर ठेवा, पट्ट्याने बांधा. हवा मी थोडी कमी करून देते. त्याहून कमी करू नका, घाट आहे. आणि मामींना पुढे बसवू नका. पुढे चाकाच्या डोक्यावरच बसल्यासारखं होतं. मधल्या रांगेत बसवा, तिथे कमी लागतं.”

“तिला पुढे बसायचंय,” मामा म्हणाले.

 टायरवालीने वाकून चाकाच्या हवेचं तोंड उघडलं. हवा बराच वेळ फुसफुसत बाहेर येत राहिली.

*

वाळू शेजारच्या गवंड्याने दिली. पोती चढवायलाही त्यानेच हात लावला. मामीची खाट खिडकीशी होती. तिथून ती बघत होती आणि हुकूम सोडत होती.

“ते लठ्ठ मागे घाला. ती गप्पावाली. पुढे बसली की तुमचं लक्ष उडवते.”

गवंड्याला काही कळेना. मामांना कळलं. सुपरवायझरबाई, गप्पावाली, खिडकीला डोकं टेकून झोपणारी, सारखं खोकणारी, डब्यात रोज काय आहे ते सगळ्यांना विचारणारी. मामी त्या सगळ्यांना ओळखायची. सकाळी फाटकात उभी राहून डबा देताना काचेतून जेवढ्या दिसतील तेवढ्या. त्या बायकांच्या काळात गाडीत ती कधी बसली नव्हती, पण कोण कुठे बसतं ते तिला पाठ होतं.

“पुढच्या सीटवर कोण?” मामांनी विचारलं.

“सुपरवायझरबाईच बसू दे,” मामी म्हणाली. “तिचा मान आहे. माझं काय, मला मधे चालतं.”

हे ती थट्टेनेच म्हणाली. पण मामांनी ते पोतं पुढच्या सीटवर ठेवताना पट्टा लावायला फार वेळ घेतला.

सकाळी उजाडल्यावर निघाले. मधल्या रांगेत उशा रचून मामी टेकून बसली होती. शेजारी, मागे, पुढे वाळूची पोती पट्टे बांधून बसलेली. गल्लीच्या टोकाचा गतिरोधक आला तेव्हा मामांनी श्वास रोखला. गाडी दबली, वर आली, पुन्हा दबली आणि पलीकडे गेली. जुन्या दिवसांत जायची तशीच.

“झालं?” मामीने विचारलं.

“झालं.”

“कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “एवढं सुख होतं होय बायकांना.”

मामांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचा चेहरा मजेत होता. टोमणा असता तर मामांना सोपं गेलं असतं.

वाटेत ती बोलत राहिली. झाडं बघून बोलली, पुलावरून खाली नदी बघून बोलली. पेट्रोलपंपावर थांबले तेव्हा पोत्यांना म्हणाली, “कुणाला उतरायचंय का? नंतर कटकट नको.” पंपावरचा माणूस आत डोकावला आणि काही न बोलता मागे सरला. मामा हसले. असं दोघं मिळून शेवटचं कधी हसलो होतो, ते त्यांना आठवेना.

पण घाटाच्या पायथ्याशी रस्ता संपल्यातच जमा होता. पुढे नुसते दगड आणि खड्डे. मामांनी गाडी हळू घेतली, खड्डे चुकवले, एक चुकला की दुसरा समोर येत होता. वाळू असो नाहीतर बायका असोत, त्या रस्त्यावर कुठलाही टायर शांत बसला नसता. मामीचं बोलणं थांबलं. मग एकदा मागून अगदी बारीक आवाज आला. कडेला चहाची टपरी होती, तिथे मामांनी गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिलं. ती उशीत तोंड खुपसून बसली होती.

“थोडं थांबू, मग जाऊ,” मामा म्हणाले.

“नाही हो,” ती म्हणाली. “नाही जमायचं. वर नाही जमायचं मला.”

“अगं, इथवर आलो. हा घाट चढला की आलंच तिचं घर. अगदी हळू नेतो.”

“दोन वर्षांपूर्वी जमलं असतं,” मामी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही तिला फोन करा.”

मामांनी फोन केला. धाकटी वरून खाली येणाऱ्या दुधाच्या गाडीत बसून आली. केस पांढरे, हातात घाईने भरलेली पिशवी. मामांना तिने नुसती मान हलवली आणि थेट गाडीत चढली. मग एक पोतं मागे सरकवून दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या.  मग दोघी एकदम बोलू लागल्या.

मामा बाहेर गाडीभोवती फिरले. एकेक चाक पाहिलं. टायर गरम होते, पण चटका बसावा असे नाही. बरोबर होते. नट घट्ट होते. सगळं जिथल्या तिथे होतं. टपरीवाल्याने चहा दिला तो त्यांनी हातात धरून गार केला. वर घाट दिसत होता, वळणं वळणं घेत गेलेला. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

आतून धाकटी सांगत होती. ओटा उंच घेतलाय, उभ्यानं सगळं हाताला येतं. मागच्या दाराला पायऱ्या आहेत. वरच्या खोलीच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. मामी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. पायऱ्या कुठल्या बाजूला? खिडकी केवढी? तिला घर बघायचं होतं ते ती असं बघून घेत होती.

“भाऊजी,” धाकटीने बाहेर डोकं काढून हाक मारली. मामा जवळ गेले. “दर वेळी त्या खिडकीत बसले की वाटायचं, तुमची गाडी येतेय. रंग लांबून ओळखू येतो ना.”

तिने हे सहज सांगितलं. मामांनी हातातला चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला. 

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

मामीने नजर वळवली नाही. “चहा गार झाला तुमचा,” ती म्हणाली.

ऊन चढू लागलं तेव्हा परत निघायचं ठरलं. धाकटी खाली उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि तशीच उभी राहिली.

“मी येऊ का हिच्याबरोबर?” तिने विचारलं. “राहीन थोडे दिवस. हिचं बघायला माणूस होईल.” आणि गाडीतल्या पोत्यांकडे बघत म्हणाली, “म्हणजे, जागा असेल तर.”

“जागा आहे,” मामा म्हणाले. “आहे ना, जागा आहे.”

ते इतक्या घाईने म्हणाले की स्वतःच चपापले.

“तू इथे माझ्या उशांवर बस,” मामी बहिणीला म्हणाली. “मी पुढे बसते.”

“पुढे नको,” मामा म्हणाले. “टायरवाली म्हणाली, पुढे लागतं. दुखेल तुला.”

“दुखू दे. एवढे खड्डे संपले की सपाट रस्ता आहे ना? दुखलं की सांगेन, तुम्ही थांबवा.”

मामांनी पुढच्या सीटचा पट्टा सोडला. सुपरवायझरबाईचं पोतं जड होतं. दोन्ही हातांनी कवळून त्यांनी ते खाली घेतलं आणि टपरीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभं करून ठेवलं. टपरीवाला म्हणाला, वाळू त्याला लागेल, राहू द्या. मग मामांनी मामीला दोन्ही हातांनी धरून पुढे बसवलं. पाठीशी उशी घातली, पट्टा लावला, तो काचतोय का विचारलं. दार अलगद लावलं. नीट लागलंय का ते पुन्हा ओढून पाहिलं.

गाडी निघाली. अगदी सावकाश, बैलगाडीने पुढे जावं इतकी. मामी काचेतून समोरचा रस्ता बघत होती. असा अख्खा रस्ता तिने कधी पाहिला नव्हता.

सवयीने मामांची नजर डावीकडच्या आरशात गेली. मामीने ते पाहिलं.

“पोतं दिसतंय का?” तिने विचारलं.

“दिसतंय.”

“मी पण अशीच दिसायचे? फाटकात?”

मामांनी गाडी आणखी हळू केली. “दिसायचीस,” ते म्हणाले.

“कुठपर्यंत?”

“वळणापर्यंत.”

 मधल्या रांगेत धाकटी उशांना टेकून डोळे मिटून बसली होती. समोर वळण आलं. मामांनी दोन्ही हातांनी चाक फिरवलं, आणि आरशात नुसता रस्ता राहिला.